चाळिसावा खण

मित्रांनो, मी एक जुने कपाट आहे. कपाट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे दोन दारे आणि आत टांगलेले कपडे आले असतील, तर ते आधी पुसून टाका. मला दार नाही, खण आहेत. चार ओळी आणि प्रत्येक ओळीत दहा, असे चाळीस खण. आज त्यांत शिलाई मशीनच्या सुया, बॉबिन, पट्टे आणि नाना मापांचे स्क्रू राहतात. एके काळी मात्र माझ्या पोटात एका राष्ट्राध्यक्षाचे सगळे आयुष्य दिवसवार लावलेले होते. त्या दिवसांची ही हकिगत आहे. ऐकून झाल्यावर तुमच्याकडे माझे एक काम आहे, तेवढे करा.

एक शाळा पाडली होती आणि तिचे बाक एका सुताराने आणले होते. त्या बाकांच्या लाकडातून मी घडले. माझ्या पाठीवर कुणीतरी कर्कटकाने कोरलेली दोन नावे अजून आहेत, पण पाठ भिंतीला असल्यामुळे ती कुणाला दिसत नाहीत. मला करायला सांगणारे गृहस्थ कॉलेजात इतिहास शिकवत. त्यांना एकोणचाळीस खण हवे होते. एकोणचाळीस हा काय आकडा झाला, म्हणून सुताराने डोके खाजवले. तेव्हा सरांनी समजावले की थोरले अध्यक्ष अठ्ठ्याहत्तर वर्षे जगले, आणि दोन वर्षांना एक खण लागेल. सुतार व्यवहारी होता. दहादहाच्या चार ओळी केल्या की काम सरळ होते. एक खण जास्तीचा असू द्या, म्हणाला, माणसाला काहीतरी नंतरसाठी ठेवायला लागतंच.

त्या जास्तीच्या खणाला बाकांचे लाकूड पुरले नाही. सुताराने ओली फळी घेतली. ओले लाकूड पुढे दगा देते हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. पण खालच्या ओळीतला उजवा कोपरा, तिथे कोण बघायला येतो, असे म्हणून त्याने रंधा मारला आणि मोकळा झाला. बाकी माझे काम त्याने चोख केले होते. एक खिळा दिसेल तर शपथ. सरांच्या घरी येणारा प्रत्येक जण माझ्या सांध्यांवरून हात फिरवी, आणि खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडे.

थोरले अध्यक्ष हे नाव लोकांनी दिलेले. ते सत्तेवर असताना सर दहा वर्षांचे होते. शाळेतल्या त्या पोराने त्यांना पत्र लिहून विचारले होते की राष्ट्राध्यक्षांना सुट्टी असते का. तीन आठवड्यांनी उत्तराचे कार्ड आले: ‘असते. तेव्हा मी वाचतो.’ ते कार्ड चौकटीत घालून माझ्या समोरच्या भिंतीवर टांगले होते. त्या चार शब्दांवर सरांनी आपले अख्खे आयुष्य उभे केले. थोरल्या अध्यक्षांचे चरित्र लिहायचे, पाच खंडांत लिहायचे, आणि त्यात एकही दिवस रिकामा सोडायचा नाही, असा त्यांनी पण केला होता. विद्यार्थी त्यांना तारीखवाले सर म्हणत. कोणतीही तारीख सांगा, त्या दिवशी अध्यक्ष कुठे होते, कुणाला भेटले, ते सर डोळे मिटून सांगत. स्वतः काल छत्री कुठे विसरले ते मात्र त्यांना सांगता येत नसे. त्यांची पत्नी हसून म्हणे, “आमच्या लग्नाच्या दिवशी अध्यक्षांना सर्दी झाली होती, एवढंच यांच्या लक्षात आहे.”

ही पत्नी शाळेत चित्रकला शिकवी, म्हणून आळीतले सगळे तिला बाई म्हणत. मीही बाईच म्हणते. बाईंचे अक्षर मोत्यासारखे होते. सरांचे अक्षर पाहिले तर कोंबडीनेही नाक मुरडावे. म्हणून दुपारी शाळेतून आल्या की बाई माझ्याजवळ स्टूल ओढून बसत आणि सरांनी दफ्तरखान्यातून उतरवून आणलेली टिपणे कार्डांवर लिहीत. एका दिवसाला एक कार्ड. माझ्या डोक्यावर त्यांनी एक वेलाची कुंडी ठेवली होती. लिहिता लिहिता मान अवघडली की त्या वेलाकडे बघत.

आमच्या घरात एक नियम होता. एखादी गोष्ट एकाच कागदात सापडली तर ती कार्डावर पेन्सिलने लिहायची. दुसऱ्या कागदाने तिला दुजोरा दिला की मगच शाईने गिरवायची. एका साक्षीदारावर इतिहास लिहायचा नाही, असे सर म्हणत, आणि ते म्हणताना त्यांची छाती दोन बोटे पुढे येई. दुसरा नियम असा की कार्ड जागेवरून हलवले तर त्या जागी गुलाबी चिठ्ठी ठेवायची आणि कार्ड कुठे आहे ते तिच्यावर लिहायचे. असे काम मी सतरा वर्षे पाहिले. पेन्सिलीची करडी कार्डे एकेक करून निळी होत गेली. मित्रांनो, माझे ते सुखाचे दिवस होते.

अध्यक्षांचे तीस हजार कागद चाळल्यावर सरांना एक गोष्ट कळली होती. अध्यक्ष कागद वाचून झाला की त्याच्या खालच्या कोपऱ्यात हिरव्या पेन्सिलने बारीकशी बरोबरची खूण करत. न वाचलेल्या कागदावर ती कधीच नसे. ही खूण सरांनीच पहिल्यांदा ओळखली आणि तिच्यावर लेखही लिहिला. तो लेख गाजला. पुढे याच खुणेने त्यांची झोप उडवली.

अध्यक्षांच्या कारकिर्दीत एक मोठा पूल बांधला होता. थाटात उद्घाटन झाले आणि सतरा आठवड्यांनी तो माणसांसकट नदीत कोसळला. उद्घाटनाआधी एका इंजिनिअरने अध्यक्षांना पत्र लिहून सांगितले होते की तिसऱ्या खांबाला तडा आहे, पूल खुला करू नका. चौकशी झाली तेव्हा अध्यक्ष म्हणाले की ते पत्र माझ्या टेबलावर आलेच नाही. त्यांचा सचिव सांगत राहिला की पत्र मी स्वतः हातात दिले होते. त्याचे कुणी ऐकले नाही. पत्र दाबून ठेवल्याचा ठपका ठेवून त्याला काढून टाकले. लोक त्याला ‘पूलबुडव्या’ म्हणू लागले आणि तो मरेपर्यंत म्हणत राहिले.

चौथ्या खंडाचे काम चालू असताना सरांना अध्यक्षांच्या डॉक्टरांची डायरी मिळाली. तिच्यात उद्घाटनाच्या पाच दिवस आधीची नोंद होती: अध्यक्षांनी सकाळी नाडी बघत असताना पुलाचे पत्र वाचले आणि म्हणाले, आधी फीत कापू, मग खांब बघू. बाईंनी ते पेन्सिलने कार्डावर लिहिले. सरांनी डायरी मिटली आणि ते म्हणाले की कागद एकच आहे, डॉक्टर मागाहून काहीही लिहू शकतो.

दुसरा कागद बाईंनीच शोधला. शाळेला सुट्टी होती, म्हणून त्या सरांबरोबर दफ्तरखान्यात गेल्या होत्या. चौकशीच्या गठ्ठ्यात त्यांना इंजिनिअरचे मूळ पत्र सापडले. खालच्या कोपऱ्यात हिरवी खूण होती. घरी आल्यावर पिशवीसुद्धा खाली न ठेवता त्यांनी ते कार्ड काढले आणि विचारले, “दोन कागद झाले. शाई लावू का?”

सर भिंतीवरच्या चौकटीकडे बघत होते. खूण पूल पडल्यावरही केलेली असू शकते, असे ते म्हणाले.

“पूल पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते पत्र चौकशीवाल्यांच्या कुलपात होतं,” बाई म्हणाल्या. “तुमच्याच लेखात लिहिलंय तुम्ही.”

सरांनी बाईंच्या हातातले कार्ड घेतले. “राहू दे,” ते म्हणाले, “नंतर बघू.” आणि खाली वाकून, ज्या खणावर वर्षांची चिठ्ठीही चिकटवलेली नव्हती, त्या माझ्या चाळिसाव्या खणात ते ठेवून दिले.

ते खोलीबाहेर गेल्यावर बाईंनी एक गुलाबी चिठ्ठी घेतली. तिच्यावर लिहिले: ‘पाहा: खण ४०’. ती चिठ्ठी त्यांनी त्या तारखेच्या जागी, शेजारच्या दोन दिवसांच्या मध्ये, नीट उभी लावली.

चौथा खंड आला. त्यात पुलाला अडीच पाने होती आणि सचिवाला एक ओळ, ती चौकशीतली जुनीच ओळ. खंडाचे कौतुक झाले, सत्कार झाला, सरांना शाल मिळाली. पाहुणे घरी येऊन माझ्या सांध्यांवर हात फिरवत आणि म्हणत, वा, यालाच म्हणतात अभ्यास. मित्रांनो, पहिल्यांदाच मला ते हात नकोसे झाले. पण मी पडले लाकूड. मूग गिळून बसण्याशिवाय लाकडाला दुसरे काय येते?

काही महिन्यांनी एक अनोळखी बाई आल्या. पन्नाशीच्या, सरळ पाठीच्या, इस्पितळात नर्स होत्या. ड्यूटीवरून तशाच आल्या होत्या. त्या म्हणजे सचिवाची मुलगी. त्यांनी चौथा खंड विकत घेऊन अथपासून इतिपर्यंत वाचला होता. त्या ना रडल्या ना भांडल्या. शाळेत मुली त्यांना कोणत्या नावाने हाक मारत ते त्यांनी एकदाच सांगितले. वडील शेवटी कुणालाही ओळखत नव्हते, पण पत्र मी हातात दिलं होतं एवढे वाक्य त्यांना आठवे, हेही सांगितले. मग त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही सगळे कागद पाहिलेत. माझे वडील खोटं बोलत होते का? मला एकच ओळ हवी आहे. पुढच्या खंडात, कुठेही. तळटीप चालेल.”

सर माझ्या अगदी जवळ उभे होते. त्यांचा हात माझ्या खालच्या ओळीकडे गेला, खरेच गेला, मी पाहिला. मग तो परत खिशात गेला. “एकाच कागदाचा पुरावा आहे हो,” ते म्हणाले. “एका साक्षीदारावर मला लिहिता येत नाही. तो माझा नियम आहे.”

बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. नर्सबाईंनी चहा घेतला, आभार मानले आणि त्या गेल्या. बाईंनी कप विसळले, टेबलावरचे शाईचे टाक गोळा करून सरांच्या पुढे ठेवले आणि म्हणाल्या, “उद्यापासून कार्डं तुम्हीच लिहा.” एवढेच. आवाजही चढला नाही. संसार पुढे चालू राहिला, जेवणे झाली, कुंडीला पाणी मिळत राहिले, पण माझ्याजवळचे स्टूल हलले ते हललेच. पुढची सगळी कार्डे सरांच्या कोंबडीच्या पायांची. त्यांतली निम्मी त्यांनाच वाचता येत नसत.

पाचवा खंड लांबत गेला. सर दर वर्षी म्हणत की यंदा संपवतो. मला वाटते, तो संपला असता तर ती एक ओळ लिहायची की नाही हे ठरवावे लागले असते, म्हणून तो संपत नव्हता. मी इतिहासकार नाही, मी खण मोजणारे कपाट. पण इतकी वर्षे एखाद्याच्या कोपराला कोपर लावून राहिल्यावर त्याचे मन कळते. सर वाईट नव्हते. दहा वर्षांच्या पोराला कुणी चार शब्द लिहून पाठवले होते, त्या माणसाला खोटे ठरवायला त्यांचा हात उचलत नव्हता. आपले ते सोने म्हणतात ना, तसे.

मग बाई गेल्या. आजार लहान होता आणि माणूस मोठे, पण आजार जिंकला. घरात सर आणि मी, दोघेच उरलो. पुतण्या अधूनमधून येऊन बघून जाई.

एका सकाळी सर भिंग लावून काहीतरी दुसरेच शोधत होते आणि त्यांच्या बोटांना ती गुलाबी चिठ्ठी लागली. त्यांनी ती खिडकीशी नेली. मोत्यासारखे अक्षर होते. पाहा: खण चाळीस. इतकी वर्षे ती तिथे उभी होती आणि त्यांना पत्ता नव्हता. सर खाली जमिनीवर बसले आणि माझ्या खालच्या ओळीला डोके टेकून रडले. म्हातारा माणूस रडतो तेव्हा आवाज फार होत नाही, पण लाकडाला तो आतपर्यंत लागतो.

त्यांनी कार्ड काढले. एकेक अक्षर त्यांनी शाईने गिरवले. खाली दोन्ही कागदांचे पत्ते लिहिले. मग नर्सबाईंना पत्र लिहिले. बोलत बोलत लिहायची त्यांना सवय होती, म्हणून मला ते पाठ आहे: ‘तुमचे वडील खरे बोलत होते. मला हे तुम्ही आलात त्या दिवशीही माहीत होते. चूक कागदांची नव्हती, माझी होती.’ नर्सबाई निवृत्त होऊन घर बदलून गेल्या होत्या. इस्पितळात विचारून त्यांचा नवा पत्ता मिळवायचा होता. तोवर सरांनी पत्र आणि कार्ड दोन्ही चाळिसाव्या खणात ठेवले. चिठ्ठी मात्र जिथल्या तिथे परत उभी केली. बाईंचे अक्षर हलवायचा त्यांना धीर झाला नसावा.

पत्ता मिळण्याआधीच सरांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पुतण्या त्यांच्या जवळ राहायला आला. मनाने चांगला माणूस, सकाळी दाढी करून देई, पेपर वाचून दाखवी. सर पलंगावरून डावा हात माझ्याकडे करत आणि घशातून आवाज काढत. पुतण्या माझ्याकडे बघे, माझ्या डोक्यावरच्या कुंडीकडे बघे, आणि म्हणे, “हो काका, काकूच्या वेलाला पाणी घालतो.” सर नाही नाही अशी मान हलवत. तो म्हणे, “घातलं, घातलं.” आणि आणखी एक तांब्या घाली.

आठ महिने असे चालले. कुंडीतून पाणी पाझरे, माझ्या उजव्या अंगावरून ओघळे आणि खालच्या कोपऱ्यात मुरे. सुताराची ती ओली फळी आधीच नाजूक, ती फुगली आणि चौकटीत घट्ट रुतून बसली. मित्रांनो, त्या घरात खणातले ठाऊक असलेले आम्ही दोघेच होतो, एकाची वाचा गेलेली आणि दुसऱ्याला ती मुळातच नाही. सर त्या हातानेच मला दाखवत दाखवत गेले.

विद्यापीठाची माणसे आली. त्यांनी चिठ्ठ्या लावलेले एकोणचाळीस खण रिकामे केले आणि सगळी कार्डे कॉम्प्युटरवर चढवायला नेली. खाली उजवीकडचा खण त्यांनी ओढून पाहिला. तो हलला नाही. वर चिठ्ठी नव्हती. ओळ पुरी दिसावी म्हणून नुसती फळी लावलेली असेल, असे त्यांच्यातल्या एकाने ठरवले. सांध्यांचे इतके कौतुक झालेले मी, त्या दिवशी एक सांधा ढिला करू शकले नाही.

घर आवरताना पुतण्याने मला शिलाई मशीनच्या मेकॅनिकला देऊन टाकले. गेली नऊ वर्षे मी त्याच्या दुकानात आहे. तो मला जपतो, तेलाचा हात पुसूनच मला लावतो. न उघडणाऱ्या खणाला तो आडमुठ्या म्हणतो. पूलबुडव्याचा खरेपणा या आडमुठ्याच्या पोटात आहे, हे त्याला कुठून माहीत असणार?

परवा पुतण्या लेकीचे मशीन दुरुस्तीला घेऊन आला. मला ओळखून त्याने माझ्या डोक्यावर थाप मारली, आणि मग सहज मेकॅनिकला विचारले, “याला खण किती हो? एक म्हातारी नर्स दोनदा घरी येऊन गेली. विद्यापीठात काकांची कार्डं बघून आली म्हणे. तिथे एका चिठ्ठीवर लिहिलंय, पाहा खण चाळीस. जिना चढताना दर पायरीला थांबते बिचारी. मी म्हटलं, आजी, काकांचे खण एकोणचाळीसच होते.”

मेकॅनिकने बोटाने मोजले. “चाळीस आहेत,” तो म्हणाला. “हा खालचा उघडत नाही. पाचर घालून फोडू का?”

माझा जीव त्या कोपऱ्यात गोळा झाला. पुतण्या वाकला, त्याने खणाची मूठ धरली, एकदा ओढली. मग गुडघे धरून उठला आणि हात झटकले.

“कशाला चांगलं लाकूड फोडता,” तो म्हणाला. “राहू द्या. नंतर बघू.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, मित्रांनो, पण इथे वळसा ऐंशीच्या पुढची एक बाई घालते आहे. मी आयुष्यभर कागद सांभाळले आणि सांभाळण्याचा मला अभिमान होता. आता कळते, ज्याचे त्याला पोचवले नाही तर त्या सांभाळण्याला काही अर्थ नाही. तुमच्या घरीही असा एखादा खण असेल. तो आज उघडा.

आणि माझे काम ते हे. मशीनच्या दुकानात या. खालची ओळ, उजवा कोपरा. दोन्ही हातांनी ओढा. उन्हाळ्यात माझे लाकूड थोडे आकसते, तेव्हा या, असे मी सांगणार होते. पण तेही नंतरच झाले. आत्ता या. लाकूड फुटले तरी चालेल.